खांद्याची शिवण

फ्रेंच नौदलाने २७ मार्च १८५८ रोजी एक आदेश काढून खलाशांच्या गंजीफ्रॉकचं माप ठरवून दिलं. अंगावर पांढरे पट्टे २१, प्रत्येक २० मिलिमीटर रुंद. निळे पट्टे २० किंवा २१, प्रत्येक १० मिलिमीटर. बाह्यांवर पांढरे १५, निळे १४ किंवा १५. बाही मनगटाच्या अलीकडेच थांबणारी, म्हणजे वरच्या जाड सदऱ्याच्या बाहीतून ती बाहेर डोकावणार नाही. कापड विणीचं, अंगाला बसणारं, दोरखंडात अडकणार नाही असं. एवढा काटेकोरपणा ज्या कपड्यासाठी केला, तो मुळात आत घालायचा होता. अधिकारी तो घालत नसत.

आज तोच पट्ट्यापट्ट्यांचा कपडा फ्रेंच सहजतेची खूण झाला आहे. मारिनिएर हे त्याचं नाव. नॉर्मंडीत मों-सें-मिशेलजवळच्या सें-जाम गावात १८८९ पासूनचा कारखाना तो विणतो. ब्रिटनीतल्या कँपेर शहरात १९३८ साली सुरू झालेली आर्मोर-लक्सही विणते. रोबेर द्वानोने १९५२ मध्ये पिकासोची छायाचित्रं काढली, त्यात पिकासोच्या अंगात हाच. १९८३ मध्ये जाँ-पोल गोतिएने तो फॅशनच्या मंचावर आणला. २०१२ मध्ये आर्नो माँतबूर या मंत्र्यांनी देशी माल विकत घ्या असं सांगण्यासाठी तोच घालून एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छबी दिली. एकवीस पट्टे म्हणजे नेपोलियनचे एकवीस विजय, अशीही एक गोष्ट सांगतात. तिला आधार नाही. खरी गोष्ट जास्त रंजक आहे. मध्ययुगीन युरोपात पट्ट्यांचे कपडे विदूषक, वेश्या, जल्लाद अशा समाजाने वेगळ्या काढलेल्या माणसांच्या अंगावर असत. मिशेल पास्तुरो या इतिहासकाराने १९९१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे हलक्या मानलेल्यांचा पट्टा खलाशाकडे आला, खलाशाकडून समुद्रावर हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांकडे, आणि तिथून आपल्या मॉलमधल्या हँगरवर.

फ्रेंच पेहरावाबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्याची सुरुवात इथे आहे. जे बिनकष्टाचं दिसतं, ते बहुतेक वेळा कष्टाच्या कपड्यांतून आलेलं आहे, आणि ते सहज दिसतं याचं कारण कुणीतरी त्याच्या मापावर मन लावून काम केलेलं असतं. 'फ्रेंच बायकांसारखं सहज सुंदर कसं दिसावं' हा प्रश्न जगभरच्या मासिकांनी इतक्यांदा विचारला आहे, की त्याचं उत्तर आता खरेदीची यादी होऊन बसलं आहे: पट्ट्यांचा टीशर्ट, फिकट तपकिरी ट्रेंचकोट, सपाट बूट, लाल लिपस्टिक. ही यादी घेऊन जी बाई दुकानात जाते, तिची फसवणूक होते असं मला मनापासून वाटतं, कारण यादीतली प्रत्येक वस्तू घेऊनही हवं ते हाती लागत नाही.

सकाळी आठच्या मेट्रोत पॅरिसमधल्या नोकरदार बाया बघाव्यात. कपड्यांचे रंग मोजके: गडद निळा, काळा, राखाडी, उंटाच्या अंगाचा, पांढरा. दागिना असला तर एखादाच. केस विंचरलेले, पण बसवलेले नाहीत. या सगळ्यांत डोळ्यांत भरते ती एकच गोष्ट, ती म्हणजे कोटाची खांद्यावरची शिवण. खांद्याचं हाड जिथे संपतं, बरोबर तिथे ती असते. ती दोन बोटं खाली उतरली की महागडा कोटही उसना आणल्यासारखा वाटतो, आणि जागेवर असली की जुना कोटही रुबाबदार दिसतो. शिंप्याला विचारलं तर तो सांगेल, की लांबी कमी करता येते, कंबर घेता येते, बाही वर घेता येते. खांदा मात्र पुन्हा बेतायचा म्हणजे बाही उसवून सगळं नव्याने बसवायचं, आणि ते बहुतेकदा कपड्याच्या किमतीला परवडत नाही. म्हणून खांदा बसत असेल तरच कपडा घ्यायचा, बाकीचं दुरुस्त करून घ्यायचं. पॅरिसच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत दुरुस्तीचं छोटं दुकान असतं, दारात शिवणयंत्र, मागे टांगलेल्या पँटींची रांग. ही दुकानं चालवणारे पुष्कळदा परदेशांतून आलेले कारागीर असतात. 'फ्रेंच सहजता' ज्यांच्या हातून उतरते, त्यांच्यात ही माणसं मी सगळ्यात आधी धरते.

माझी एक मैत्रीण सांगलीची. लग्नानंतर पॅरिसच्या उपनगरात गेली आणि तिथेच प्रयोगशाळेत नोकरीला लागली. ती म्हणाली, "पहिलं वर्षभर मी रोज वेगळा टॉप घालून जायचे गं. कुणी काही बोललं नाही. पण शेजारच्या टेबलावरची बाई सोमवारचा स्वेटर गुरुवारी पुन्हा घालायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. आपल्याकडे एक साडी दोन लग्नांत नेसली, की मावशी लगेच विचारणार, हीच ना ती, नंदूच्या लग्नातली?"

हा फरक मोठा आहे. तिथे तोच कपडा पुन्हा घालणं हा स्वतःची ओळख ठरवण्याचा भाग असतो. इनेस द ला फ्रेसांज या मॉडेलने २०१० मध्ये पॅरिसच्या बाईच्या पेहरावावर लिहिलेलं पुस्तक जगभर खपलं. तिच्याकडे बघताना जाणवतं ते हेच: तीच गडद पँट, तोच पांढरा सदरा, तेच सपाट बूट, वर्षानुवर्षं. आन्येस बे या कपडेवालीने १९७९ मध्ये पुढे टिचबटणं लावलेलं एक सुती जाकीट काढलं, ते आजही विकलं जातं. हवं ते सापडलं की बदलायचं नाही, असा हा स्वभाव आहे.

तरीही साधेपणा हा फ्रान्सचा जन्मजात गुण आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला १७८३ सालचं प्रदर्शन दाखवावं. एलिझाबेथ व्हिजे-लब्रँ या चित्रकर्तीने राणी मारी आंत्वानेतचं चित्र त्या वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये मांडलं. राणीच्या अंगात पांढऱ्या मलमलीचा सैलसर झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती हॅट. लोक खवळले. राणीने आतल्या कपड्यांत चित्र काढून घेतलं, असा गहजब झाला. चित्र उतरवावं लागलं, आणि हातात गुलाब घेतलेल्या, रेशमी पोशाखातल्या राणीचं नवं चित्र तिथे आलं. रागाचं दुसरं कारण पोटापाण्याचं होतं. फ्रान्सचं रेशीम ल्यों शहरात विणलं जाई, आणि मलमल म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदुस्थान येई. राणीच रेशीम सोडून मलमल नेसायला लागली तर मागावरच्यांनी खायचं काय? त्याच्याही आधी, १६८६ ते १७५९ अशी त्र्याहत्तर वर्षं, फ्रान्समध्ये हिंदुस्थानी छापील सुती कापडावर बंदी होती, आणि ते कापड चोरून येत राहिलं, चोरून शिवलं जात राहिलं. अंगाला मऊ, धुवायला सोपं, रंग न जाणारं सूत एकदा अंगावर आल्यावर कोण सोडणार? साधं दिसण्याची फ्रेंच हौस सुरू झाली ती आपल्याकडच्या सुतापासून, आणि तिची पहिली किंमत चुकवली ती एका राणीने, हे मला कपड्यांच्या इतिहासातलं फार बोलकं पान वाटतं.

गाब्रिएल शनेलचं नाव इथे घ्यावंच लागतं. जन्म १८८३, सोम्यूर गावात. आई वारल्यावर बापाने मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात सोडलं. तिथेच ती शिवण शिकली. १९१० मध्ये पॅरिसच्या काँबों रस्त्यावर टोप्यांचं दुकान, १९१३ मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुसरं. पहिल्या महायुद्धात कापडाची टंचाई होती, तेव्हा १९१६ च्या सुमारास तिने रोदिए या कारखानदाराकडून जर्सीचे तागे घेतले. जर्सी म्हणजे विणीचं कापड, तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरलं जाणारं. त्यातून तिने बायकांचे सैल, खिसेवाले, हात वर करता येतील असे कपडे शिवले. १९२६ मध्ये अमेरिकी 'व्होग'ने तिच्या साध्या काळ्या झग्याचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली: सगळ्यांना परवडेल, सगळ्यांना शोभेल. शोभण्याचं खरं झालं, परवडण्याचं नाही. जर्मनांनी पॅरिस व्यापलं असताना ती रिट्झ हॉटेलात एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर राहिली, आणि ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन आपल्या ज्यू भागीदारांकडून अत्तराची कंपनी बळकावायचा प्रयत्न तिने केला. तिच्या कात्रीबद्दल मला आदर आहे. पण तिचं चरित्र सांगताना हे पान गाळणारे लेख मला पटत नाहीत.

पँटची गोष्ट तर याहून लांबलेली आहे. नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलिसप्रमुखाने हुकूम काढला, की पुरुषी पोशाख करू इच्छिणाऱ्या बाईने पोलिसांची परवानगी घ्यावी. रोझा बोनर ही गुरं, घोडे रंगवणारी नामवंत चित्रकर्ती. तिला जनावरांच्या बाजारात, कत्तलखान्यात उभं राहून रेखाटनं करायची असत, म्हणून तिने अशी लेखी परवानगी काढली होती. १८९२ आणि १९०९ मध्ये सवलती मिळाल्या: बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. इव्ह सँ लोराँने १९६६ मध्ये बायकांसाठी काळा 'स्मोकिंग' सूट काढला आणि त्याच वर्षी सेन नदीच्या डाव्या काठावर तयार कपड्यांचं दुकान उघडलं, तेव्हाही तो हुकूम कागदावर होताच. तो निरर्थक ठरल्याचं सरकारने जाहीर केलं ते जानेवारी २०१३ मध्ये, महिला हक्कमंत्री नजात व्हालो-बेलकासेम यांच्या काळात. तोवर अर्ध्या पॅरिसच्या कपाटात पँटीच होत्या. पण बाईने काय घालावं हे सांगायची शासनाची सवय मात्र गेली नाही. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींच्या डोक्यावरचा रुमाल गेला, २०२३ मध्ये अबायाही. फ्रेंच मोकळेपणाचं कौतुक करताना या मुलींच्या वाट्याला तो का येत नाही, हेही विचारलं पाहिजे.

या सहजतेचे चेहरे म्हणून जगाने जे डोक्यावर घेतले, त्यांतले कितीतरी जन्माने फ्रेंच नव्हते. १८५८ साली, खलाशांच्या पट्ट्यांचा आदेश निघाला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये उंची शिवणाचं घराणं सुरू करणारा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ इंग्रज. १९६० च्या 'ब्रेथलेस' चित्रपटात बारीक केस कापून पॅरिसच्या रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारी जीन सीबर्ग अमेरिकेतल्या आयोवाची. अ‍ॅना करिना ही नटी डॅनिश, फॅशनकार कार्ल लागरफेल्ड जर्मन. आणि जेन बर्किन लंडनची.

बर्किनकडे थोडं थांबावंसं वाटतं. ती १९६८ मध्ये चित्रपटाच्या कामासाठी फ्रान्समध्ये आली आणि तिथलीच झाली. पुरुषी सदरा, जीन्स, कपाळावर झुलणारे केस आणि हातात वेताची करंडी. ही करंडी ती उन्हाळा-हिवाळा, बाजारात आणि समारंभातही नेत असे. बाजारातून भाजी आणायची वस्तू तिने रात्रीच्या पोशाखाबरोबर नेली, आणि बघणाऱ्यांना त्यात मोकळेपणा दिसला. पुढे विमानात तिच्या शेजारी एर्मेस कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. आईपणाच्या सामानाला पुरेल अशी पिशवी मिळत नाही, असं ती म्हणाली, आणि त्यांनी तिथेच आकृती काढली. त्यातून १९८४ मध्ये तिच्या नावाची बॅग आली. स्वतःच्या बॅगेला तिने स्टिकर चिकटवले, माळा लटकवल्या, नखं कापायचं यंत्रही अडकवलं. कातडं दबेल, मळेल याची फिकीर केली नाही. जुलै २०२५ मध्ये तीच पहिली बॅग पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. ती असेपर्यंत जिची ओळख काही न जपता वापरणं ही होती, तिची वापरलेली वस्तू आता काचेआड जपली जाणार. बाजाराचा हा उलटा न्याय मला खिन्न करतो. वेताची करंडी आपल्या बुरुडाकडे आजही मिळते, आणि तीच मूळ कल्पना होती.

कामाच्या कपड्यांकडे परत येते. फ्रेंच मजुरांचं निळं सुती जाकीट, तिकडचं 'ब्लू द त्राव्हाय', बाहेरून शिवलेल्या तीन खिशांचं, जाड कापडाचं, धुऊन धुऊन फिकट होत जाणारं. गवंडी, सुतार, शेतकरी, गिरणीकामगार सगळे ते घालत. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर लोकांचे कपडे टिपत आयुष्य काढणारा छायाचित्रकार बिल कनिंगहॅम हेच जाकीट घालायचा. पॅरिसच्या नगरपालिकेसमोर, १८५६ पासूनचं बेआशव्हे नावाचं भलंमोठं दुकान आहे, तिथून तो ते आणायचा. कॅमेरा घासून कापड फाटू नये आणि खिसे पुरावेत, एवढाच त्याचा हिशोब. हे जाकीट आता शिंप्याच्या खास मापात, दहापट किमतीत विकलं जातं. मला वाटतं, खरी गंमत त्याच्या रंगात आहे. निळ्याच्या त्या फिकटण्यात अंगाच्या हालचाली उमटतात, कोपर आधी पांढरं पडतं, मग खिशाची कड. तो वापर विकत घेता येत नाही, तो करावाच लागतो.

आता चेहऱ्याकडे. फ्रेंच सौंदर्याचं रहस्य म्हणून जे काही सांगतात, त्यातलं सगळ्यात भक्कम मला औषधाच्या दुकानात दिसलं. हिरव्या क्रॉसचा दिवा लागलेली ही दुकानं फ्रान्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. मालकी औषधतज्ज्ञाचीच असावी लागते, साखळी दुकानांना मुभा नाही, आणि डोकेदुखीची साधी गोळीही किराणा दुकानात मिळत नाही. म्हणून लोक औषधवाल्याकडे वरचेवर जातात, आणि सर्दीच्या गोळीबरोबर चेहऱ्याचंही विचारतात. सें-जर्मेन भागातल्या फूर रस्त्यावरच्या सिटीफार्मा दुकानात पर्यटकांची एवढी झुंबड असते, की तिथे विचारपूस शक्य नाही. ती होते वस्तीतल्या छोट्या दुकानात. माझ्या सांगलीच्या मैत्रिणीला तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्वचेत तेल कमी आहे की पाणी कमी आहे? तोवर हिला दोन्ही एकच वाटत होतं. तेल कमी असणं हा त्वचेचा स्वभाव. पाणी कमी होणं हे हवेमुळे, हीटरमुळे, नको तेवढ्या साबणामुळे. उपाय वेगळे.

या दुकानांतल्या बाटल्यांचा उगम रुग्णसेवेत आहे, हे आपल्याकडच्या जाहिरातींत हरवतं. दक्षिण फ्रान्समधल्या आवेनच्या झऱ्यावर १७४३ पासून स्नानगृह आहे. ला रोश-पोझे हे एक छोटं गाव. इसब, सोरायसिस, भाजल्याचे व्रण घेऊन माणसं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथे तीन आठवड्यांच्या पाण्याच्या उपचाराला जातात आणि सामाजिक सुरक्षेतून त्या खर्चाचा भाग परत मिळतो. आंब्रियोलिसची दुधाळ मलई १९५० च्या सुमाराची. बायोडर्माचं मिसेलर पाणी, म्हणजे मळ धरून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी, १९९० च्या दशकात आलं. पॅरिसचं नळाचं पाणी जड आहे, चुन्याचं. चेहरा वारंवार धुतला की ताणतो. म्हणून कापसावर पाणी घेऊन पुसायची रीत तिथे रुजली. हा त्या शहराच्या नळाचा इलाज आहे. कोकणात किंवा मुंबईत, जिथे दुपारी चार वाजता चेहऱ्यावरून घाम ओघळतो, तिथे ती मलई थापली तर पुटकुळ्या येतील, आणि नुसतं पुसून भागणार नाही, धुवावंच लागेल. तिथून घ्यायचा तो क्रम: कमी वस्तू, त्या रोज, आणि आधी त्वचेची तक्रार ऐकून मग रंग. बाटली फ्रेंचच हवी असं काही नाही.

रंग म्हणजे बहुधा ओठांवरचाच. डोळे रंगवले तर ओठ मोकळे, ओठ लाल असतील तर बाकी काही नाही. केस रोज धुवायचे नाहीत, ड्रायरने सरळ करायचे नाहीत. सोफी फोंतानेल या पत्रकार बाईंनी केस रंगवणं थांबवलं, मुळापासून पांढरे होत जाणाऱ्या केसांसह समारंभांत वावरल्या, आणि २०१७ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. दर तीन आठवड्यांनी कपाळावरच्या चंदेरी रेषेला घाबरून मेंदी किंवा डाय कालवणाऱ्या आपल्या असंख्य बायकांनी त्यांचे फोटो जरूर बघावेत.

पण या चित्रात कोण दिसत नाही, तेही बघायला हवं. सहज सुंदर पॅरिसकन्या म्हणून जी दाखवतात, ती बहुधा गोरी, सडपातळ, बऱ्या घरची असते. गार द्यु नोर स्थानकाच्या मागे तमिळ दुकानांच्या काचेत साड्या झळकतात, उत्तरेला शातो रूज भागात आफ्रिकी छापाच्या भडक सुती कापडाचे तागे आणि ते शिवणारे शिंपी. तेही पॅरिसच आहे. लिंडसे ट्रामुटा या तिथेच स्थायिक झालेल्या लेखिकेने २०२० मध्ये नेमक्या या न दिसणाऱ्या पॅरिसकन्यांवर पुस्तक केलं. बारीकपणाचा हट्ट इतका जाचक झाला, की मॉडेलकडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलं पाहिजे असा नियम फ्रान्सला २०१७ मध्ये लागू करावा लागला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अंगकाठी बदललेल्या जाहिरातींतल्या फोटोंवर तसं लिहिणं सक्तीचं झालं. न खाता सडपातळ राहणं हे सहज नव्हे, तो छळ आहे. त्वचेच्या रंगाचंही तेच. लॉरिअल ही फ्रेंच कंपनी. तिने 'गोरेपणा'चे शब्द आपल्या डब्यांवरून काढायचं जाहीर केलं ते २०२० मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं ते शब्द आपल्या मुलींनी आरशासमोर वाचले होते.

आपला आणि पॅरिसचा धागा जुना आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी विणला गेला आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे लग्नाने कूचबिहारची महाराणी झाली. १९२२ मध्ये पतीचं निधन झालं. त्यानंतर तिने फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसायला सुरुवात केली. पुढे राजघराण्यांत आणि त्यानंतर चित्रपटांत शिफॉनची जी लाट आली, तिचा उगम तिच्याकडे दाखवतात. तिची मुलगी गायत्रीदेवीने आठवणींत तसं लिहिलं आहे. जरीच्या भाराखाली वाढलेल्या मराठी राजकन्येने वाऱ्यावर हलणारं, जवळजवळ वजन नसलेलं वस्त्र निवडलं, यात मला पॅरिसच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त धाडस दिसतं.

उलट दिशेला मुंबई आहे. पॅरिसच्या मोठ्या घराण्यांच्या कपड्यांवरचं बरंचसं भरतकाम मुंबईच्या कारखान्यांत, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर, आरीच्या सुईने होतं. कितीतरी वर्षं त्या हातांचं नाव कुठे यायचं नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला कार्यक्रम केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेचं आणि तिच्या भरतकाम शाळेचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं. ते उशिरा झालं, पण झालं. पॅरिसच्या जॅकेटवरचं बारीक काम न्याहाळताना ते कदाचित आपल्याच शहरातल्या माणसाने मांडी घालून केलं असेल, हे लक्षात ठेवावं.

सहजतेची आपली उदाहरणंही डोळ्यांसमोर आहेत. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायला जाताना जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मेकअप जवळजवळ नाही, सुती साडी, आणि नजर हटत नाही.

फ्रान्समध्ये मात्र सध्या झगडा चालू आहे. एकीकडे सरकारच्या योजनेतून नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला ६ ते २५ युरोंची सूट मिळते: अस्तर बदला, चेन बसवा, टाच लावा. न खपलेले नवे कपडे जाळून टाकायला २०२० च्या कायद्याने मनाई केली आहे. वापरलेल्या कपड्यांची खरेदी-विक्री इतकी वाढली आहे, की व्हिंटेड हे लिथुआनियात सुरू झालेलं अ‍ॅप तिथल्या मोठ्या कपडेविक्रेत्यांच्या रांगेत जाऊन बसलं आहे. अतिस्वस्त, अतिवेगवान फॅशनला आवर घालणारं विधेयक मार्च २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने आणि जून २०२५ मध्ये, सौम्य करून, सिनेटने मंजूर केलं. दुसरीकडे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी शीन या चिनी कंपनीचं कायमस्वरूपी दुकान पॅरिसमध्ये उघडलं, आणि तेही बेआशव्हेच्या इमारतीत, जिथे कनिंगहॅमला त्याचं मजुराचं निळं जाकीट मिळायचं. बाहेर निदर्शक घोषणा देत होते, आत जाण्यासाठी रांग लागली होती. रांगेतल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. भाडं भरल्यावर उरलेल्या पैशांत मुलांचे कपडे घ्यायचे असतात. पण तिथला स्वस्त कुडता, टॉप किंवा झगा उलटा करून पाहिला, की शिवणीच्या कडेला जेमतेम दोरा मावेल एवढंच कापड असतं. उसवून सैल करता येणार नाही, कारण आत काही ठेवलेलंच नाही.

पॅरिसच्या उंची शिवणाच्या कपड्यांत बरोबर उलट असतं. आतल्या बाजूला भरपूर कापड सोडलेलं असतं, म्हणजे बाईचं अंग बदललं तर कपडाही तिच्याबरोबर बदलू शकतो. आपल्या वस्तीतला जुना शिंपी हेच करतो. ब्लाऊज शिवताना तो न विचारता दोन्ही बाजूंना माया ठेवतो, आणि बाळंतपणानंतर बाई तोच ब्लाऊज घेऊन आली की दोन टीपा उसवून देतो. येत्या पाडव्याला नवा कपडा घ्यायचा असेल तर आधी खांद्याची शिवण बघावी, मग तो उलटा करून माया किती आहे ते बोटाने चाचपावं. दोन्ही ठीक असतील तर किंमत विचारावी.